फळाची दुसरी साल

संत्री तोडायच्या दिवशी तोडणाऱ्याने दिवसभर दारूला शिवायचं नाही, असा दंडक चीनच्या वेन्झोउ भागात पाळला जात असे. इसवी सन 1178 मध्ये तिथला अधिकारी हान यानझी याने तो आपल्या ‘जू लू’ या पुस्तकात, म्हणजे संत्र्यांविषयीच्या नोंदींत, लिहून ठेवला. हा एका नामवंत सेनापतीचा मुलगा. कारभार सांभाळता सांभाळता त्याने संत्र्या-मोसंब्यांच्या 27 जाती नोंदवल्या आणि लागवडीपासून साठवणीपर्यंतचं सगळं काम जवळून पाहिलं.

त्याने पाहिलेली तोडणी अशी. दहिवराच्या दोन-तीन रात्री उलटल्या की स्वच्छ उन्हाचा दिवस पाहून पंचवीस-पन्नास माणसं बागेत उतरत. प्रत्येकाच्या हाती लहानशी कात्री. देठ फळाच्या अंगासरशी, सपाट कापायचा आणि फळ टोपलीत अलगद ठेवायचं. सालीतल्या तेलाचा सुगंधी फवारा उडाला की ते फळ लवकर नासतं आणि तो फवारा ज्याच्या अंगावर पडेल तेही नासतं, हे त्यांना ठाऊक होतं.

मग साठवण. एक खोली झाडून स्वच्छ करायची, फटी चिकटवून वारा बंद करायचा, भाताचा पेंढा अंथरायचा आणि त्यावर फळांची रास घालायची. दर दहा दिवसांनी ती खालीवर करायची. ज्या फळावर बारीकसा ठिपका दिसेल ते त्याच क्षणी बाहेर, नाहीतर शेजारच्यांनाही लागण होते. अशा फळाला त्यांच्या भाषेत ठिपक्याचं संत्रं म्हणत. आपल्याकडे आंब्याच्या व्यापारात ‘डागी’ म्हणतात तेच. एवढं सगळं करून, पुन्हा पुन्हा निवडून, बाजारभावाची वाट पाहायला शेवटी दहातली पाच-सहा फळं उरत.

दहातली पाच-सहा. एवढ्या काळजीनंतर! उरलेली चार-पाच फळं वाचवायची कशी, हा प्रश्न पुढची साडेआठशे वर्षं माणसाच्या मागे लागला. त्याचं एक उत्तर लेपात होतं. फळाला वरून आणखी एक साल द्यायची, पातळ, खाल्ली तरी चालेल अशी, आणि शक्यतो झाडापासूनच मिळालेली. या दुसऱ्या सालीचा इतिहास चीनच्या बागांतून कॅलिफोर्निया, ब्राझील, केंब्रिज आणि म्हैसूर असा फिरत आपल्या नागपूरपर्यंत येतो.

मूग, मेण आणि तलम कापड

हान यानझीच्या आधीही चिनी माणसाने फळ टिकवण्याचे नाना उपाय करून पाहिले होते. अकराव्या शतकातला मोठा लेखक ओउयांग शिऊ सांगतो, की सम्राटाच्या एका लाडक्या राणीला किंक्वॅट ही इवलीशी संत्री आवडू लागली आणि राजधानीत त्यांचा भाव चढला. दूरच्या जियांगशी प्रांतातून येणारं हे फळ लोक हिरव्या मुगात पुरून ठेवत. कारण असं सांगत, की संत्रं उष्ण आणि मूग थंड, म्हणून फळ टिकतं. आपल्या घरातल्या आजीलाही हे स्पष्टीकरण पटलं असतं. खरं कारण बहुधा वेगळं असावं. कोरड्या मुगांत प्रत्येक फळ सुटं राहतं, एकाची बुरशी दुसऱ्याला लागत नाही आणि वाराही थेट अंगावर येत नाही.

मेणाची नोंदही ओउयांग शिऊनेच केली आहे, पण ती फुलांबाबत. लोयांग शहरातून दरवर्षी पिओनीची निवडक तीन-चार फुलं राजधानी कायफंगला पाठवली जात. घोडेस्वार एक दिवस आणि एक रात्र दौडत ती पोचवी. बांबूच्या करंड्यात भाजीची पानं दाबून भरत, म्हणजे घोड्यावर फुलं हलत नसत. आणि देठाचं कापलेलं टोक मेणाने बंद करत. मग पाकळ्या कित्येक दिवस गळत नसत. झाडापासून तुटलेल्या जिवाचं पाणी कुठून निसटतं, हे त्या माणसांनी अचूक हेरलं होतं.

त्याहून जुनी एक गोष्ट तांग काळातली. सिचुआनमधून सम्राटाला दरवर्षी संत्र्यांचा नजराणा जाई आणि प्रत्येक फळ कागदात गुंडाळलेलं असे. एका अधिकाऱ्याला कागद म्हणजे सम्राटाचा अवमान वाटला, म्हणून त्याने तलम कापड वापरायला सुरुवात केली. मग त्याच्या मनाला घोर लागला, की कापडाने फळं बिघडली तर? अशात ‘गान झबू’ नावाचा एक राजनिरीक्षक त्या भागात येत असल्याची वर्दी आली. चिनी भाषेत हे नाव ‘संत्र्यांचं कापड’ असंच ऐकू येतं. चौकशीच आली असं समजून अधिकारी हादरला आणि निरीक्षक भेटताच आपण कापड का वापरलं याचा खुलासा करत सुटला. निरीक्षकाला आधी काही कळेना. उमगल्यावर सगळेच हसले. त्या हसण्यामागची काळजी मात्र खरी होती. फळावर काय गुंडाळलंय, त्याने फळ बिघडणार तर नाही ना आणि याचा जाब कोण देणार, हे तीन प्रश्न तेव्हापासून या विषयाला चिकटले आहेत.

फळांवरच्या लेपांचा इतिहास लिहिणारे बाराव्या शतकातल्या चीनपासून सुरुवात करतात. संत्र्या-लिंबांच्या पेट्यांत वितळलेलं मेण ओतून ती राजधानीकडे पाठवत, असं ते सांगतात. मेणामुळे फळ सुकत नसे, पण जाड थराखाली ते कोंडून आतून आंबे. पुढे सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये चरबीचा थर देऊन खाद्यपदार्थ टिकवायची रीत होती, तिथेही हीच अडचण आली. लेप द्यायचा तर किती जाड, हे कोणालाच माहीत नव्हतं. कारण तोडलेलं फळ श्वास घेतं, हेच माहीत नव्हतं.

पहिली साल

निसर्गाने प्रत्येक फळाला एक लेप दिलेलाच असतो. सफरचंद, द्राक्ष, संत्रं, आंबा, कुठलंही फळ घ्या. सालीच्या सर्वांत वरच्या बाजूला क्युटिन नावाच्या पदार्थाचं आणि मेणाचं अत्यंत पातळ आवरण असतं. नाशिककडच्या ताज्या द्राक्षावर बोट फिरवलं की जी पांढरट पूड बोटाला लागते, ते द्राक्षाचं मेणच. कोट्यवधी वर्षांपूर्वी वनस्पती पाण्यातून जमिनीवर आल्या तेव्हा कोरड्या हवेत तग धरायला त्यांना याच आवरणाने साथ दिली.

झाडावर असेपर्यंत फळातून उडून जाणारं पाणी मुळं भरून काढतात. तोडल्यावर ती शिदोरी संपते, श्वास मात्र चालूच राहतो. फळ प्राणवायू घेतं, आपल्यातली साखर आणि आम्ल जाळतं, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता बाहेर टाकतं. हवा जितकी उष्ण तितका हा श्वास वेगवान. पाणी गेलं की साल सुरकुतते, साठा जळाला की चव जाते, आणि सालीला चीर पडली की बुरशी आत शिरते.

रिव्हरसाइडची कात्री

कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावात 1873 साली एलायझा टिबेट्स या बाईंच्या अंगणात बिनबियांच्या संत्र्याची कलमं लागली. अमेरिकेच्या कृषी खात्याने ती ब्राझीलच्या बाहिया प्रांतातून मागवली होती. टोकाला बेंबीसारखा आकार असलेलं हे ‘नेव्हल’ संत्रं इतकं गोड निघालं, की काही वर्षांत दक्षिण कॅलिफोर्निया संत्र्यांच्या बागांनी भरून गेला. खाणारी शहरं मात्र खंडाच्या दुसऱ्या टोकाला होती. रेल्वेच्या बर्फ भरलेल्या डब्यांतून निघालेला माल न्यूयॉर्कला पोचेपर्यंत निळ्या-हिरव्या बुरशीने खाल्लेला असे. बागायतदार रेल्वेला दोष देत, रेल्वे बागायतदारांना.

1904 पासून कृषी खात्याचे जी. हॅरोल्ड पॉवेल या प्रश्नामागे लागले. बागेत, पॅकिंगच्या शेडमध्ये, रेल्वेच्या डब्यात, जिथे फळ जाईल तिथे ते आणि त्यांचे सहकारी गेले. 1908 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने दोष भलत्याच ठिकाणी दाखवला. बुरशी धडधाकट सालीतून आत शिरतच नाही, असं त्यात होतं. तिला वाट करून देतो तो माणसाचा हात: कात्रीचं टोक सालीला लागणं, नखाचा ओरखडा, टोपलीत आपटणं, लांब ठेवलेल्या देठाने शेजारच्या फळाला भोक पाडणं. हळुवार हाताळलेली फळं त्याच डब्यातून, त्याच बर्फावर, सुखरूप पोचत.

हान यानझीच्या माणसांनी देठ अंगासरशी कापायचा आणि फळ अलगद ठेवायचं, ते याचसाठी. त्यांना बुरशीचं शास्त्र ठाऊक नव्हतं. मोजणी मात्र त्यांनी इमानाने केली होती. सव्वासातशे वर्षांनी पॉवेल यांनी त्याच अनुभवाला कारण जोडून दिलं. कॅलिफोर्नियात बोथट टोकाच्या कात्र्या आल्या आणि तोडणाऱ्यांच्या कामावर देखरेख सुरू झाली.

नवी अडचण पॅकिंग शेडमध्येच उभी राहिली. खवले कीड आणि तिच्या चिकट स्रावावर वाढणारी काळी काजळी यांमुळे फळं मळकी दिसत. ती धुऊन, घासून, वाळवून पेटीत भरायची पद्धत पडली. फळ चकचकीत दिसू लागलं, पण साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने त्याचं स्वतःचं मेणही उतरू लागलं. धुतलेलं संत्रं न धुतलेल्यापेक्षा लवकर सुकू लागलं. पहिली साल माणसाने घासून काढली, तेव्हा त्याला दुसरीची गरज भासली.

1920च्या दशकात संत्र्यांना यंत्राने मेण लावण्याचा धंदा सुरू झाला. त्यातलं एक मोठं नाव ब्रॉगडेक्स कंपनीचं. अर्नेस्ट ब्रॉगडन आणि माइल्स ट्रोब्रिज यांनी फळाच्या सालीत टाकणखार मुरवून निळ्या बुरशीला अडवण्याची रीत शोधली आणि 10 मार्च 1925 रोजी त्यांना पेटंट मिळालं. पेटंट नुसतं पद्धतीचं नव्हतं; टाकणखार मुरवलेल्या सालीचं ताजं फळ ही आपली निर्मिती आहे, असाही त्यात दावा होता. दुसऱ्या एका मोठ्या फळ कंपनीशी वाद झाला आणि खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला.

2 मार्च 1931 रोजी न्यायमूर्ती मॅकरेनॉल्ड्स यांनी निकाल दिला. सालीत टाकणखार मुरवला म्हणून संत्र्याचं नाव, रूप किंवा उपयोग बदलत नाही. ते आधी खायचं ताजं संत्रं होतं, नंतरही तेच आहे. म्हणून ते कुणाची निर्मिती ठरू शकत नाही. ‘निर्मिती’ म्हणजे काय, याची जी व्याख्या त्या निकालात होती, ती 1980 साली एका भारतीय नावाच्या खटल्यात पुन्हा वाचली गेली. तेल पचवणारा जिवाणू तयार करणारे शास्त्रज्ञ आनंद चक्रवर्ती यांना त्याच न्यायालयाने पेटंटचा हक्क दिला तेव्हा संत्र्याचा निकाल आधाराला होता.

मला त्या निकालातली साधी समज महत्त्वाची वाटते. वरून काही लावल्याने संत्रं नवं होत नाही. लेप लावणाऱ्याने फळ घडवलेलं नसतं. झाडाने घडवलेलं त्याला सांभाळायचं असतं.

किती कोंडायचं?

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये फळाच्या श्वासाचा अभ्यास चालू होता. पहिल्या महायुद्धात अन्नटंचाईची झळ बसल्यावर ब्रिटिश सरकारने अन्न साठवणीच्या संशोधनाला पैसे दिले, आणि 1918 पासून केंब्रिजचे फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट यांनी सफरचंदांचा श्वास मोजायला घेतला. पिकायच्या वेळी सफरचंदाचा श्वास एकदम चढतो आणि मग उतरत जातो, हे त्यांनी दाखवलं. भोवतालच्या हवेतला प्राणवायू कमी केला आणि कार्बन डायऑक्साइड वाढवला, तर तो चढ पुढे ढकलता येतो. 1934 साली रिचर्ड गेन यांनी सिद्ध केलं, की पिकलेलं सफरचंद स्वतःच इथिलीन वायू सोडतं. आढीतला एक पिकलेला आंबा बाकीच्यांना पिकवतो, हे कोकणातल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं; त्या अनुभवाला आता नाव मिळालं.

लेपाचं कोडंही इथेच सुटू लागलं. चांगला लेप प्रत्येक फळाभोवती एक इवलीशी साठवणखोलीच बांधतो. आत येणारा प्राणवायू थोडा कमी होतो, कार्बन डायऑक्साइड थोडा साठतो, श्वास मंदावतो, पिकणं लांबतं. अमेरिकेत मॅग्नेस आणि डील यांनी 1924 साली तेलाचा थर दिलेल्या सफरचंदांवर प्रयोग केले. थर जाड झाला की आतला प्राणवायू पुरेनासा होतो, फळ साखर नीट जाळू शकत नाही, मद्यार्क तयार होतो आणि चव बिघडते, हे त्यांना दिसलं. चिनी पेट्यांतली संत्री का आंबत होती, त्याचं उत्तर हेच. श्वास मंदावला पाहिजे, पण बंद पडता कामा नये. या दोहोंमधली जागा फार अरुंद आहे आणि दर फळागणिक, जातीगणिक, हवेच्या तापमानागणिक ती बदलते.

कार्नाउबाचं पान

सुरुवातीला फळांना लावलं जाणारं मेण बरंचसं पॅराफिन, म्हणजे खनिज तेलातलं. पुढे झाडांच्या मेणाकडे लक्ष गेलं आणि त्यात अव्वल ठरलं कार्नाउबा. ज्या ईशान्य ब्राझीलमधल्या बाहियाने कॅलिफोर्नियाला संत्रं दिलं, त्याच भागातल्या सेआरा, पियाउई आणि रिओ ग्रांदे दो नोर्ते या कोरड्या प्रांतांत ही माडाच्या कुळातली झाडं वाढतात. पाऊस अपुरा, ऊन कडक. पानातलं पाणी राखायला हे झाड पंख्यासारख्या पानांवर मेणाचा थर चढवतं. कोरड्या ऋतूत उंच बांबूला विळा बांधून पानं उतरवतात, उन्हात वाळवतात, झोडपून मेणाची पूड वेगळी करतात आणि वितळवून गाळतात. 80 अंश सेल्सिअसच्या वरही काही अंश गेल्याशिवाय हे मेण वितळत नाही, इतकं कडक आणि तुकतुकीत असतं. पाण्यात त्याचं दुधाळ मिश्रण करून फळावर फवारलं, की वाळल्यावर मेणाचा अगदी विरळ पापुद्रा मागे राहतो.

एका झाडाने दुष्काळात आपलं पान वाचवायला जे घडवलं, ते माणसाने दुसऱ्या झाडाच्या फळाला उसनं दिलं. जमिनीला लावायची मेणं बनवणारे अमेरिकन उद्योजक एच. एफ. जॉन्सन 1935 साली विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावाहून पाण्यावरही उतरणाऱ्या विमानाने थेट ईशान्य ब्राझीलला गेले. ही झाडं पुढे पुरेशी मिळतील का, हे त्यांना स्वतः पाहायचं होतं. त्यांच्या विमानाचं नावही ‘कार्नाउबा’च होतं.

मात्र या मेणाची चमक पाहताना त्या विळ्यामागचा हात विसरता येणार नाही. 2017 साली जर्मन दूरचित्रवाणीवरच्या एका माहितीपटाने कार्नाउबा तोडणाऱ्या मजुरांचे हाल जगापुढे आणले: उघड्यावर झोपणं, नदीचं न गाळलेलं पाणी पिणं, तुटपुंजी मजुरी. ब्राझीलच्या सरकारी यंत्रणेने वेठबिगारीसारख्या अवस्थेतून मजुरांची सुटका केल्याच्या नोंदीही आहेत. एखादी वस्तू निसर्गातून आली म्हणून ती न्यायाने आली असं होत नाही. ‘नैसर्गिक’ हा शब्द वाचणाऱ्याने त्या मजुरांचीही चौकशी केली पाहिजे.

लाख, म्हैसूर आणि नागपूर

आपल्याकडचा जुना लेप म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुंब या झाडांच्या फांद्यांवर बसून रस शोषणारे इवलाले किडे जी राळ सोडतात, तीच लाख. ती कोवळ्या फांद्यांवरून खरवडून, धुऊन, वितळवून तिचे पापुद्रे करतात. झाडाचा रस आणि किड्याची मेहनत असा तो दोघांचा माल. 1924 साली रांचीजवळच्या नामकुम इथे लाख संशोधन संस्था उभी राहिली. आपल्या विदर्भातल्या गोंदियाच्या जंगलपट्ट्यातही पळसावर लाख पिकते. बाजारातल्या चमकदार सफरचंदावरचा थर कित्येकदा हिचाच असतो.

फळ टिकवण्याचा अभ्यास महाराष्ट्रात पुण्याच्या गणेशखिंड बागेत रुजला. डॉ. जी. एस. चीमा यांनी 1930च्या दशकात तिथे आंब्याच्या शीतगृहाचे प्रयोग केले आणि विलायतेला जहाजाने आंबे पाठवून पाहिले. एके काळी द्राक्ष बागायतदारांच्या ओठांवर असलेलं ‘चीमा साहेबी’ हे वाण त्यांच्याच नावाचं. थंडीने इंग्लंडचं सफरचंद टिकतं, आंबा मात्र फार थंडी सोसत नाही. तापमान 10-12 अंशांच्या खाली फार काळ राहिलं, की साल काळपट पडते आणि नंतर तो नीट पिकत नाही. केळ्याचंही तसंच. उष्ण देशाच्या फळांना बर्फाचा आधार अर्धाच मिळतो, म्हणून आपल्याला लेपाची गरज जास्त.

21 ऑक्टोबर 1950 रोजी म्हैसूरच्या चेलुवांबा महालात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. गावोगावी शीतगृहं नसलेल्या नव्या देशात, बादलीत बुडवून लावता येईल असा मेणाचा लेप शेतकऱ्याला परवडेल, हा विचार तिथे लवकर झाला. 1955 साली पी. बी. माथुर आणि एच. सी. श्रीवास्तव यांनी आंब्यावरच्या लेपांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संस्थेचं मेणाचं मिश्रण ‘वॅक्सॉल’ या नावाने ओळखलं जाऊ लागलं.

नागपूरच्या संत्र्याला तर या दुसऱ्या सालीची खास गरज. त्याची साल सैल आणि नाजूक. सोलायला सोपी म्हणून लोकांना ती आवडते, आणि त्याच कारणाने ती प्रवासात लवकर मऊ पडते. आंब्यासारखं संत्रं तोडल्यावर पिकत नाही. झाडावर जेवढी गोडी आली तेवढीच. आंबिया बहाराचं फळ असो की मृगाचं, तोडल्या क्षणापासून उतरणच असते, ती फक्त संथ करता येते. नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने धुणं, मेण लावणं, प्रतवारी आणि साठवण यांच्या रीती आपल्या हवेत तपासून बसवल्या. तिथे काम केलेले शास्त्रज्ञ डॉ. मिलिंद लदानिया यांचा या फळांवरचा 2008 सालचा ग्रंथ जगभरचे अभ्यासक वापरतात. विदर्भात संत्रा पट्ट्यातल्या पॅकिंग केंद्रांत आज वॅक्सिंगची यंत्रं फिरतात. रोलरवरून गरगरत जाणारं संत्रं धुतलं जातं, फवाऱ्याखालून जातं, गरम हवेत वाळतं आणि खोक्यात बसतं.

कोरफड, साखर आणि अफवा

गेल्या चाळीस वर्षांत मेणापलीकडचे पदार्थही या कामात आले. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये साखर आणि वनस्पती तेलातली आम्लं जोडून बनवलेला लेप केळी आणि सफरचंदांसाठी निघाला. बाभूळकुळातल्या आफ्रिकी झाडांच्या डिंकाचं 10 टक्के द्रावण टोमॅटोचं पिकणं लांबवतं, हे मलेशियातल्या संशोधकांनी 2010 साली दाखवलं. स्पेनमधल्या संशोधकांनी 2005 साली आपल्या ओळखीच्या कोरफडीचा गर ‘क्रिमसन सीडलेस’ द्राक्षांना लावला. 1 अंश तापमानात साधी द्राक्षं 7 दिवसांत विक्रीयोग्य राहिली नाहीत, गर लावलेली 35 दिवसांपर्यंत टिकली. ज्या कोरफडीचा तुकडा आपण भाजल्यावर हाताला चोळतो, तीच द्राक्षाच्या कातडीलाही जपते.

2012 साली कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे जेम्स रॉजर्स या धातू आणि पदार्थांच्या अभ्यासकाने ‘अपील’ ही कंपनी सुरू केली. हिरव्यागार शेतांमधून गाडी चालवताना रेडिओवर जगातल्या भुकेची बातमी ऐकून तो अस्वस्थ झाला, असं तो सांगतो. लोखंडाला गंजापासून एक विरळ थर वाचवतो, मग फळाला का नाही, या विचारातून त्याने वनस्पती तेलांतल्या मोनोग्लिसराइड या घटकांचा लेप तयार केला. 2018 पासून तो लावलेले अ‍ॅव्होकाडो अमेरिकेच्या दुकानांत आले.

मग 2023 मध्ये अफवा उठली. ब्रिटनमध्ये नेमकं त्याच नावाचं एक फरशी वगैरे पुसायचं रसायन विकलं जात होतं. त्याचा धोक्याच्या सूचनांचा कागद कुणीतरी समाजमाध्यमांवर फिरवला आणि फळावर हेच लावतात, असं लोकांना वाटलं. दोन्हींचा काडीचाही संबंध नव्हता. तरीही लोकांच्या भीतीला मी वेडेपणा म्हणणार नाही. तांग काळातल्या त्या अधिकाऱ्याला जो घोर लागला होता, तोच हा. फळावर काय आहे हे ज्याला सांगितलं जात नाही, तो सर्वांत वाईटच गृहीत धरतो. याचं औषध म्हणजे सांगणं. भारतात फळांना मधमाशीचं मेण, कार्नाउबा किंवा लाख लावायची परवानगी आहे, आणि कुठलं मेण लावलंय ते लेबलवर लिहिण्याचा नियमही आहे. फळाच्या हातगाडीपर्यंत येताना ते लेबल हरवतं. ते हरवू नये, यासाठी ग्राहकाने विचारत राहिलं पाहिजे आणि विक्रेत्याने सांगत राहिलं पाहिजे.

या साऱ्या प्रवासात एक गोष्ट कुणालाच बदलता आली नाही. ओरखडा पडलेल्या फळाला कुठलाही लेप वाचवत नाही. उलट वरून चमक चढते आणि आत बुरशी निवांत वाढते. 1178 च्या वेन्झोउमधली कात्री, पॉवेल यांची बोथट टोकाची कात्री, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने बनवलेला, देठ राखून आंबा जाळीत उतरवणारा ‘नूतन झेला’ ही एकाच घराण्यातली हत्यारं आहेत. लेपावर खर्च करणाऱ्याने आधी तोडणाऱ्याच्या हातावर, त्याच्या मजुरीवर आणि त्याला मिळणाऱ्या वेळावर खर्च करावा, हे मला या इतिहासातून सर्वांत स्पष्ट दिसतं. घाईने, उक्त्या मजुरीवर तोडलेल्या फळाला वरून कितीही महागडी साल चढवली, तरी दहातली चार-पाच जाणारच.

मे महिन्यात कोकणातल्या माजघरात आढी लागते. एरवी घाईत असणारी घरची बाई तिथे मात्र पेंढा हलकेच सारते, एकेक आंबा उचलते, देठाशी बोट लावून पाहते, डागी असेल तो बाजूला काढते आणि बाकीच्यांवर पेंढा पुन्हा नीट ओढते. वेन्झोउच्या त्या बंद खोलीत, भाताच्या पेंढ्यावर, दर दहा दिवसांनी फळांची रास खालीवर करणाऱ्यांचे हात असेच चालत असतील.